परसातले बायोगॅस संयंत्र: 16 महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पुण्यातल्या आमच्या घराच्या परसात, धुण्याच्या दगडाशेजारी, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारे 1 घनमीटरचे बायोगॅस संयंत्र बसवून घेतले. एका लहान स्थानिक कारखान्याने बनवलेले हे संयंत्र बर्नर, नळी आणि बसवणूक धरून 32,000 रुपयांना पडले. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि कॉलेजात जाणारा मुलगा अशी चार माणसे आहेत. दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झाल्यावर, घेण्यापूर्वी मला जी माहिती कोणीच दिली नाही ती लिहून ठेवावी, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

संयंत्र म्हणजे मुळात दोन प्लास्टिकच्या टाक्या. खालची 1000 लिटरची, वरून उघडी. तिच्यात 750 लिटरची दुसरी टाकी उपडी घातलेली. खालच्या टाकीत शेणकाला आणि कचऱ्याची पातळ राबडी असते, तिच्यातून निघणारा वायू उपड्या टाकीत साठतो आणि ती टाकी हळूहळू वर उचलली जाते. सकाळी मागचे दार उघडले की टाकी किती वर आली आहे ते पाहून आज किती वेळ शेगडी चालेल याचा अंदाज बांधता येतो. टाकीवर दोन पेव्हिंग ब्लॉक ठेवलेले आहेत, कारण वजनाशिवाय वायूला बर्नरपर्यंत पोहोचण्याइतका दाब मिळत नाही.

या रचनेचा उगम पुण्यातलाच आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ती विकसित केली आणि तिच्यासाठी संस्थेला 2006 साली ब्रिटनमधला, शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार अतिशय सरळ होता. वायू तयार करणारे जिवाणू गुराच्या पोटातून शेणात येतात. शेण हे तर पचून उरलेले अन्न. मग त्या जिवाणूंना उरलेसुरले खाऊ घालण्याऐवजी थेट पिठूळ, गोड, सहज पचणारे अन्न दिले तर थोड्या मालात पुष्कळ वायू मिळेल. गोबरगॅसला रोज 40 किलो शेण लागते, तेथे पीठ किंवा तशाच पिष्टमय पदार्थांचे 2 किलो पुरतात, असा संस्थेचा दावा होता. गिरणीतले झाडलेले पीठ, कीड लागलेले धान्य, खाण्यास अयोग्य अशी पेंड यांच्याबाबत तो समजण्यासारखा आहे.

विक्रेते मात्र हाच 2 किलोचा आकडा उचलून ओल्या कचऱ्याला लावतात, आणि ग्राहकाची पहिली फसगत येथे होते. आम्हाला ‘दोन किलो कचऱ्यात दोन वेळचा स्वयंपाक’ असे सांगण्यात आले होते. परंतु घरच्या कचऱ्यात, म्हणजे दुधी-काकडीच्या साली, भाजीची देठे, उरलेले वरण आणि फळांची टरफले यांत, तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याचाच असतो. मी एक महिनाभर रोजचा कचरा ताणकाट्यावर तोलला. सरासरी 1.9 किलो भरला, आणि त्यावर आमची लहान शेगडी दिवसाला 30 ते 40 मिनिटे चालली. एवढ्या वेळात सकाळचा चहा, दूध तापवणे आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. पोळ्या आणि भाजी एलपीजीवरच कराव्या लागतात. ज्या दिवशी आदल्या रात्रीचा भात किंवा पोळ्या उरलेल्या असतात त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्योत तासाभराच्या जवळ जाते, आणि नुसत्या पालेभाजीच्या देठांच्या दिवशी वीस मिनिटांतच मंदावते. अलीकडे आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याकडून झाडलेले पीठ आठवड्यातून एकदा आणतो. मूठभर पीठ पाण्यात कालवून घातले तरी फरक डोळ्यांना दिसतो.

पूर्वी 14.2 किलोचा सिलिंडर आम्हाला 34 दिवस पुरत असे, आता 42 ते 43 दिवस पुरतो. वर्षाला साधारण दोन सिलिंडर वाचले. गेल्या वर्षी सिलिंडर 850 रुपयांच्या आसपास होता, तेव्हा वर्षाची बचत 1,900 रुपयांच्या पुढे जात नाही आणि 32,000 रुपये वसूल होण्यास सतरा वर्षे लागतील. पैशाच्या बचतीसाठी कोणी हे संयंत्र घेणार असेल तर त्याने घेऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगते.

आम्ही ते घेतले ते वेगळ्या कारणासाठी. कचराभूमीत ओला कचरा हवेवाचून कुजतो तेव्हाही हाच वायू, म्हणजे मिथेन, तयार होतो; फरक एवढाच की तेथे तो मोकळा सुटतो. उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पट प्रभावी आहे. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारची कचराभूमी पेटली आणि धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ते आपल्याला आठवत असेल. कचऱ्याच्या डोंगरातला मिथेन अशा आगींना खतपाणी घालतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या शहराजवळच्या गावांच्या माथी मारला गेला, तेथल्या विहिरींचे पाणी बिघडले, गावकऱ्यांना गाड्या अडवाव्या लागल्या. माझ्या घरातली काकडीची साल दुसऱ्याच्या गावात जाऊन कुजावी हे मला अनेक वर्षे बोचत होते. 16 महिन्यांत आमच्या घरून ओल्या कचऱ्याची बादली जवळजवळ बाहेर गेलेली नाही. घंटागाडीवरच्या ताईंना आम्ही फक्त सुका कचरा देतो, तोही स्वच्छ आणि कोरडा, आणि तो निवडताना त्यांचे हात खरकट्यात जात नाहीत. माझ्या दृष्टीने या संयंत्राची सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

आता त्याच्या देखभालीविषयी सविस्तर लिहिते, कारण संयंत्र टिकणार की अडगळीत जाणार हे तिच्यावरच ठरते.

सुरुवातीला जवळच्या गोठ्यातून दहा पाट्या ताजे शेण आणून पाण्यात कालवून टाकीत भरले. पहिला वायू पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हवा अधिक असते, म्हणून तो सोडून द्यावा लागतो. अठराव्या दिवशी संध्याकाळी बर्नरवर निळी ज्योत धरली. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांच्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, गोबरगॅस होता. लोखंडी डोम गंजला, दुरुस्त करायला माणूस मिळाला नाही, पुढे म्हशीही विकल्या गेल्या आणि खड्डा बुजवून टाकला. ज्योत बघून त्या एवढेच म्हणाल्या, “तिचा रंग बघत जा गं. पिवळी झाली की समज, पोट बिघडलंय.”

पोट बिघडणे म्हणजे काय, ते आम्हाला गणपतीत कळले. पाच दिवस पाहुणे होते, रोज चार-साडेचार किलो खरकटे निघत होते आणि ते सर्व आम्ही उत्साहाने आत घातले. टाकीत दोन टप्प्यांत काम चालते: एका गटाचे जिवाणू अन्नाचे आम्ल करतात, दुसऱ्या गटाचे जिवाणू त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिले भराभर काम करतात, दुसरे सावकाश. खाणे एकदम वाढले की आम्ल साचते आणि दुसरा गट मंदावतो. अनंत चतुर्दशीच्या सुमारास टाकीजवळ ताक आंबून गेल्यासारखा वास येऊ लागला, टाकी वर आलेली असूनही ज्योत धरेना. सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्याला आता लंघन घाल.” त्यांचे खरे निघाले. आठ दिवस काहीही घातले नाही, दोन पाट्या ताजे शेण आणि थोडी चुन्याची निवळी घातली आणि अकराव्या दिवशी ज्योत परत आली. हे सर्व माहितीपत्रकात दोन ओळींत सांगता आले असते. त्यात फक्त ‘कोणताही ओला कचरा टाका’ असे छापलेले होते.

कोणताही कचरा चालत नाही. लिंबा-संत्र्याच्या साली, कांदा-लसणाची टरफले, अंड्याची कवचे, हाडे, नारळाच्या शेंड्या आणि आंब्याच्या कोयी आत घालू नयेत. मेथी-शेपूचे लांब दांडे न चिरता घातले तर वर तरंगून त्यांची जाड साय धरते, आणि तिच्याखालचा वायू अडकून बसतो. चहाचा चोथा आम्ही गुलाबाला घालतो. आमरसाच्या दिवसांत साली मात्र उत्तम जातात. मे महिन्यात आम्ही एकही दिवस चहाला एलपीजी लावला नाही. रोजचा कचरा बारीक करण्यासाठी आम्ही जुना मिक्सर बाजूला ठेवला आहे, त्यात दीड-दोन मिनिटे फिरवून तेवढेच पाणी घालून ओततो. सर्व मिळून दिवसाचे दहा मिनिटांचे काम आहे. परंतु ते रोजचे आहे, आणि घरात ते आपले मानणारे एक तरी माणूस हवे.

थंडीचा अनुभव वेगळा सांगितला पाहिजे. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, त्या काळात आमचा वायू निम्म्यावर आला. टाकीला गोणपाट गुंडाळून पाहिले आणि राबडीत दुपारी उन्हात तापलेले पाणी वापरले, तेव्हा थोडा फरक पडला. ज्यांच्या परसात दिवसभर सावली असते त्यांनी नीट विचार करावा.

वासाबद्दल शेजाऱ्यांची चिंता असते. नीट चाललेल्या संयंत्राला जवळ गेल्यावर गोठ्यासारखा हलका वास येतो, चार पावलांवर काही जाणवत नाही. वायूत अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास बर्नर पेटवताना क्षणभर येतो. नळीच्या वाटेवर लोखंडी किसाने भरलेली छोटी बाटली बसवल्यापासून तो कमी झाला. नळीत पाणी साचून ज्योत फडफडते, म्हणून सर्वांत खालच्या वळणावर पाणी काढण्याचा कॉक असायलाच हवा. दोन टाक्यांमधल्या फटीत पावसाळ्यात डासांच्या अळ्या दिसल्या. डेंग्यूच्या दिवसांत ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आठवड्यातून एकदा चमचाभर गोडे तेल त्या फटीत सोडतो आणि वर जाळी बांधली आहे.

याच फटीविषयी माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. उपड्या टाकीभोवती आमच्याकडे दोन बोटांची जागा मोकळी आहे, आणि तेथील राबडीतून निघणारा वायू टाकीत न जाता थेट हवेत जातो. दुपारी वाकून पाहिले की तेथे बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. मी अंदाजे हिशेब मांडला. आमच्या कचऱ्यातून वर्षाला सुमारे 27 किलो मिथेन तयार होत असावा. त्याचा दहावा भाग जरी निसटला तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे 75 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. दोन-सव्वादोन सिलिंडर वाचल्याने जो कार्बन डायऑक्साइड वाचला तो आहे 100 किलोच्या आसपास. वीस वर्षांचा हिशेब धरला तर त्या एका दशांशाने बचतीच्या दुप्पट नुकसान होते. तोच कचरा कचराभूमीत गेला असता तर परिणाम याहून वाईट झाला असता, हे खरेच. पण हवामानासाठी म्हणून घेतलेल्या वस्तूने स्वतःच मिथेन गळू द्यावा, याकडे उत्पादक लक्ष देत नाहीत याचे मला फार वाईट वाटते. यावर उपाय जुना आहे. टाकीच्या भोवती पाण्याचे कडे ठेवून उपडी टाकी त्या पाण्यात तरंगवली की राबडी उघडी राहत नाही. गोबरगॅसच्या काही नमुन्यांत ही पद्धत पूर्वापार आहे. घरगुती संयंत्रातही ती मिळते, किंमत चार-पाच हजारांनी वाढते. आम्ही ते वाढीव पैसे वाचवले, आणि ती आमची चूक झाली.

दुसरी गळती माणसांच्या वागण्यातून होते. पहिल्या मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात गेलो आणि जाण्याच्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे कचरा घालून गेलो. परत आलो तेव्हा टाकी पूर्ण वर येऊन कडेने वायू भुडभुडत होता. आता गावाला जाण्याच्या चार दिवस आधी खाणे बंद करतो आणि उरलेला वायू जाळून टाकूनच घर सोडतो.

विक्रीनंतरच्या सेवेला मी नापास करीन. सप्टेंबरअखेर वायूच्या मुख्य कॉकला चीर गेली. तो भाग बाजारात मिळत नव्हता, कारण त्याचे आटे उत्पादकाने स्वतःच्या मापाचे ठेवले होते. फोन केले, फोटो पाठवले, ‘उद्या माणूस येईल’ असे चार वेळा ऐकले. पाच आठवडे गेले तरी कॉक आला नाही, आणि तोवर संयंत्र उपाशी ठेवावे लागले. शेवटी माझ्या यजमानांनी नळदुरुस्ती करणाऱ्याकडून पितळी कॉक बसवून घेतला, 380 रुपयांत, आणि तो आजही उत्तम चालतो आहे.

सासूबाईंच्या माहेरचा डोम आणि आमचा कॉक यांत पन्नास वर्षांचे अंतर आहे, पण दुखणे एकच आहे. 1981-82 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून देशात सुमारे 50 लाख कौटुंबिक बायोगॅस संयंत्रे उभारली गेली, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. उभारणीला अनुदान मिळत आले आहे, परंतु उभारल्यानंतर पाचव्या वर्षी गावात कॉक, नळी आणि ती बसवणारा हात मिळेल याची तरतूद तितक्या तळमळीने कधी झाली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरातेत केवडियाला ‘मिशन लाइफ’ हे पर्यावरणपूरक राहणीचे केंद्र सरकारचे अभियान सुरू झाले. त्यातल्या 75 कृतींच्या यादीत घरी ओल्या कचऱ्याचे खत करणे आणि बायोगॅससाठी कचरा देणे या दोन्ही गोष्टी आहेत. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संकलन करणाऱ्या घरांना मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत देते. ही सर्व पावले योग्य दिशेने आहेत, आणि मी त्यांची मनापासून बाजू घेते. पण धोरण आखणाऱ्यांनी बक्षीस संयंत्र बसवल्याबद्दल न देता ते चालू ठेवल्याबद्दल द्यावे, प्रत्येक प्रभागात त्याची दुरुस्ती जाणणारा एक तंत्रज्ञ तयार करावा आणि नळी-कॉकांची मापे सर्व उत्पादकांना एकच ठेवायला लावावीत. देहूच्या डॉ. मापुसकरांनी गावात शौचालयाला जोडलेली बायोगॅस संयंत्रे रुजवली ती तेथे राहून, लोकांच्या घरी पुन्हापुन्हा जाऊन. आपल्या राज्यापुढे ते उदाहरण आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे संयंत्र गच्चीवर नेण्याचा विचार करू नये. भरलेल्या टाकीचे वजन टनाच्या घरात जाते, आणि रोज राबडी घेऊन जिने चढणे कोणी महिनाभरापेक्षा जास्त करत नाही. त्यांना कुंडीतले कंपोस्ट बरे. नीट हवा खेळती ठेवली तर त्यात मिथेन जवळजवळ तयारच होत नाही. सोसायटी मोठी असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ या मोठ्या बायोगॅस पद्धतीच्या प्रकल्पाची चौकशी करावी, पण त्यासाठी पगारी माणूस नेमण्याची तयारी ठेवावी.

ज्यांच्याकडे ऊन येणारे परस आहे, हॉटेल किंवा खानावळ आहे, किंवा शेजारच्या चार घरांचा कचरा घेण्याची तयारी आहे, त्यांनी हे संयंत्र जरूर घ्यावे. घेताना पाण्याचे कडे असलेलाच नमुना मागावा, कॉक नळाच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचा आहे ना ते तिथल्या तिथे पाहावे आणि किमान दोन वर्षे जुने चालू संयंत्र एखाद्या ग्राहकाच्या घरी दाखवण्याचा आग्रह धरावा. तेथे गेल्यावर ज्योतीचा रंग पाहावा आणि टाकीच्या कडेला वाकून बुडबुडे पाहावेत.

संयंत्रातून बाहेर पडणारी मळी, म्हणजे पचून झालेली राबडी, ही मी मोजायला विसरलेली जमेची बाजू. दिवसाला तीन-चार लिटर निघते, दसपट पाण्यात मिसळून आम्ही ती कढीपत्ता, पपई आणि केळीला घालतो, उरलेली दोन शेजारणी बादलीने नेतात. पाण्याचे कडे बसवून देण्यास एक कारागीर तयार झाला आहे. पावसाळा संपला की टाकी रिकामी करून ते काम करून घेणार आहोत, आणि निघालेला गाळ वाफ्यांत जाईल.